इंजिन नवे, शाफ्ट कोणता?

अमेरिकेत १९६७ ते १९७२ या काळात तयार झालेल्या शेव्हरोले सी-१० या पिकअप ट्रकमध्ये, जनरल मोटर्सचेच पण नंतरच्या पिढीतले व्ही-८ इंजिन बसवणे हा तिकडच्या गॅरेजांतला आता चांगला रुळलेला उद्योग आहे. हे नवे इंजिन बहुधा ‘एलएस’ या कुळातले असते. त्याचा पहिला नमुना १९९७ च्या कॉर्व्हेट मोटारीत आला आणि १९९९ पासून ४.८, ५.३ व ६.० लिटरच्या आवृत्त्या कंपनीच्या ट्रकांत बसू लागल्या. त्या लाखोंनी तयार झाल्यामुळे भंगारातल्या गाड्यांतून ही इंजिने सहज मिळतात, आणि जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनापेक्षा ती कमी इंधनात अधिक ताकद देतात. अशा कामात मालकाचे व मिस्त्रीचे लक्ष इंजिनाच्या बैठका, वायरिंग, इंधनपंप आणि रेडिएटर यांवर खिळलेले असते. गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या शाफ्टचा विचार मात्र गाडी चाकांवर उभी राहिल्यानंतर, टेपने अंतर मोजून केला जातो, आणि तोही बहुतेक वेळा ‘नव्या इंजिनाची ताकद हा शाफ्ट सोसेल का’ एवढ्याच प्रश्नापुरता. वास्तविक शाफ्टची रचना ठरवताना ताकदीचा क्रम शेवटचा लागतो. त्याच्या आधी लांबी, फिरण्याचा वेग आणि कोन या तीन गोष्टींनी निर्णय जवळजवळ पक्का केलेला असतो, आणि या तिन्ही गोष्टी इंजिन बसवण्याच्या पहिल्या दिवशीच ठरू लागतात.

महाराष्ट्रातल्या गॅरेजांत ज्याला प्रोपेलर शाफ्ट म्हणतात, तो म्हणजे दोन्ही टोकांना सांधे असलेली एक पोकळ नळी. इंजिन व गिअरबॉक्स चॅसिसला बांधलेले असतात, मागचा अ‍ॅक्सल मात्र स्प्रिंगांवर वरखाली होत असतो. म्हणून त्यांच्यामधल्या शाफ्टला फिरता फिरता आपला कोनही बदलावा लागतो आणि लांबीही थोडी कमीजास्त करावी लागते. कोन बदलण्याचे काम युनिव्हर्सल जॉइंट करतो. त्यात अधिकच्या चिन्हाच्या आकाराचा एक पोलादी ‘क्रॉस’ असतो, त्याच्या चार टोकांवर सुईसारख्या बारीक रोलरांची बेअरिंगे असलेल्या वाट्या बसतात, आणि त्या वाट्या समोरासमोरच्या दोन दुहेरी पकडींत, म्हणजे ‘योक’मध्ये, अडकवलेल्या असतात. लांबी बदलण्याचे काम स्लिप योक करतो; त्याच्या आतल्या उभ्या खाचा गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या दांड्यावरच्या खाचांत बसतात, त्यामुळे तो पीळ पुढे देतो आणि त्याच वेळी मागेपुढे सरकूही शकतो. युनिव्हर्सल जॉइंटशी सोळाव्या शतकातल्या इटलीतील जिरोलामो कार्दानो आणि सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधील रॉबर्ट हुक यांची नावे जोडली जातात, पण मोटारीत टिकेल असे बंदिस्त रूप त्याला अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकलेल्या क्लॅरेन्स स्पायसर यांनी दिले आणि १९०३ मध्ये त्याचे पेटंट घेतले. आजही क्रॉसचे आकार स्पायसरच्या मालिकांच्या क्रमांकांनी ओळखले जातात, आणि हे नाव पुणे-नाशिक रस्त्यावर चाकणजवळच्या कारखान्यामुळे महाराष्ट्रातल्या वाहन उद्योगालाही परके नाही.

इंजिनाबरोबर गिअरबॉक्सही बदलतो, आणि शाफ्टच्या दृष्टीने इंजिनापेक्षा गिअरबॉक्सचा बदल अधिक महत्त्वाचा असतो. जुन्या सी-१० मध्ये पुष्कळदा टर्बो-हायड्रामॅटिक ३५० हा तीन गिअरांचा स्वयंचलित गिअरबॉक्स आढळतो. एलएस इंजिनाबरोबर सामान्यतः येणारा ४एल६०-ई हा चार गिअरांचा गिअरबॉक्स या ३५० च्या नेहमीच्या छोट्या शेपटीच्या रूपापेक्षा सुमारे ७५ मिलिमीटर लांब भरतो, म्हणून जुना शाफ्ट तेवढा आखूड करावाच लागतो. या दोन्ही गिअरबॉक्सांच्या दांड्यांवर २७ खाचा असल्याने जुना स्लिप योक बहुधा चालून जातो. त्याऐवजी अवजड कामाचा ४एल८०-ई निवडला तर खाचा ३२ होतात, दांडाही जाड होतो आणि योक नवा घ्यावा लागतो. मात्र या सगळ्यापेक्षा दूरगामी फरक चौथ्या गिअरचा असतो. ४एल६०-ई च्या चौथ्या गिअरचे प्रमाण ०.७० आहे, म्हणजे इंजिन ७० वेळा फिरले की शाफ्ट १०० वेळा फिरतो. जुन्या गिअरबॉक्सचा सर्वांत वरचा गिअर सरळ एकास एक होता. तेथे शाफ्टचा वेग इंजिनाच्या वेगापलीकडे कधी जातच नसे.

याचा परिणाम प्रत्यक्ष आकड्यांत पाहणे आवश्यक आहे. २८ इंच व्यासाचे चाक ताशी ११० किलोमीटर वेगाला मिनिटाला सुमारे ८२० फेरे घेते. जुन्या गाडीत मागच्या अ‍ॅक्सलचे प्रमाण, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे होणारे फेरे, ३.०७ असेल, तर शाफ्ट व इंजिन दोन्ही मिनिटाला सुमारे २,५२० फेऱ्यांनी फिरत असत. नव्या गिअरबॉक्सचा चौथा गिअर इंजिनाला आराम देतो म्हणून मालक बहुधा अ‍ॅक्सलचे प्रमाण वाढवून ३.७३ करतात, जेणेकरून गाडी थांब्यावरून जोरात सुटावी. आता त्याच ११० च्या वेगाला इंजिन मिनिटाला फक्त २,१४० फेऱ्यांवर शांतपणे चालते, पण शाफ्ट ३,०६० फेऱ्यांवर गेलेला असतो; ताशी १६० किलोमीटरला तो आकडा ४,४५० होतो. चालकाला मात्र समोरच्या काट्यावर दिसतो तो इंजिनाचा वेग, आणि तो कमी झालेला दिसत असल्यामुळे खाली शाफ्ट अधिक वेगाने फिरतो आहे याची त्याला जाणीव होण्याचे कारण उरत नाही.

शाफ्टचा वेग एवढा महत्त्वाचा असण्याचे कारण क्रांतिक वेग या कल्पनेत आहे. कोणतीही लांब नळी कितीही काटेकोर बनवली तरी तिचे वजन अक्षाभोवती पूर्ण सारखे वाटलेले नसते. फिरताना तो सूक्ष्म फरक नळीला मध्यभागी बाहेर ओढतो, आणि एका विशिष्ट वेगाला ही ओढ नळीच्या स्वतःच्या कंपनाच्या लयीशी जुळते. तेव्हा मुलांच्या उड्यांची दोरी मध्ये फुगून फिरावी तशी नळी धनुष्याकार होऊन फिरू लागते, तिचे वाकणे झपाट्याने वाढते आणि अखेरीस ती मधोमध दुमडते किंवा सांध्यातून निखळते. हा वेग नळीच्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणजे लांबी दुप्पट केली की तो चौथाईवर येतो. व्यास वाढवला की तो जवळजवळ व्यासाच्याच प्रमाणात वाढतो. नळीच्या भिंतीची जाडी वाढवून मात्र त्यात लक्षणीय भर पडत नाही, कारण जाडीने ताठपणा वाढतो तसे वजनही वाढते. ‘जाड पत्र्याची नळी म्हणजे अधिक सुरक्षित शाफ्ट’ ही समजूत म्हणूनच वेगाच्या बाबतीत आधारहीन ठरते.

सी-१० दोन लांबींत येत असे: आखूड हौद्याची गाडी ११५ इंच व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यांमधल्या अंतराची, आणि लांब हौद्याची १२७ इंचाची. हा १२ इंचांचा, म्हणजे ३०५ मिलिमीटरचा, फरक सगळाच्या सगळा शाफ्टच्या लांबीत उतरतो. आखूड गाडीत सांध्याच्या मध्यापासून सांध्याच्या मध्यापर्यंत १.३५ मीटरचा शाफ्ट धरला, तर ३ इंच व्यासाच्या व सुमारे २.१ मिलिमीटर जाडीच्या पोलादी नळीचा क्रांतिक वेग गणिताने मिनिटाला सुमारे ६,९५० फेरे निघतो. गणितातली नळी आदर्श असते, खऱ्या शाफ्टचे योक व आधार मात्र थोडेफार लवचीक असतात, म्हणून व्यवहारात या आकड्याच्या ७० टक्क्यांच्या आसपास मर्यादा धरण्याची पद्धत आहे. ती येथे सुमारे ४,८७० येते, आणि ताशी १६० किलोमीटरचा ४,४५० हा आकडा तिच्या आत राहतो. लांब गाडीत तीच नळी १.६५ मीटरची झाली की क्रांतिक वेग ४,६५० वर आणि सुरक्षित मर्यादा ३,२६० वर उतरते. ११० च्या वेगाला शाफ्ट ३,०६० ने फिरत आहे हे लक्षात घेतले, तर महामार्गावर पुढच्या गाडीला मागे टाकण्यासाठी ताशी १२० चा वेग घेणेसुद्धा मर्यादा ओलांडणारे ठरते. त्याच लांबीला व्यास साडेतीन इंच केला तर मर्यादा ३,८०० च्या पुढे जाते, आणि ४ इंचांना ती ४,३८० होते. इंजिनाच्या अश्वशक्तीचा आकडा या हिशेबात कोठेही आलेला नाही.

येथे अ‍ॅल्युमिनिअमच्या शाफ्टविषयी पसरलेला एक गैरसमज दूर केला पाहिजे. अ‍ॅल्युमिनिअम हलके असल्यामुळे त्याचा शाफ्ट आपोआप अधिक वेग सोसतो असे मानले जाते, परंतु क्रांतिक वेग धातूच्या ताठपणाला त्याच्या घनतेने भागून येणाऱ्या गुणोत्तरावर अवलंबून असतो, आणि अ‍ॅल्युमिनिअम पोलादापेक्षा जवळजवळ तिप्पट हलके असले तरी तितक्याच पटीने कमी ताठ असल्यामुळे ते गुणोत्तर दोन्ही धातूंत जवळपास सारखेच येते. एकाच व्यासाच्या पोलादी व अ‍ॅल्युमिनिअमच्या नळ्यांचा क्रांतिक वेग त्यामुळे सारखाच असतो. अ‍ॅल्युमिनिअमचा खरा लाभ असा, की त्याची ४ इंची किंवा त्याहून मोठी नळी वजन न वाढवता वापरता येते आणि त्या मोठ्या व्यासामुळे वेगाची मर्यादा वर जाते. कार्बन फायबरची गोष्ट मात्र निराळी आहे. त्याचे तंतू शाफ्टच्या लांबीच्या दिशेने पुरेसे घातले तर ताठपणा व घनता यांचे गुणोत्तरच धातूंपेक्षा बरेच अधिक होते, म्हणून लांब अंतर एकाच तुकड्यात पार करण्यासाठी तो तांत्रिकदृष्ट्या उत्तम ठरतो. त्याची किंमत आणि दगडाच्या माऱ्याने होणारी इजा पाहता मालवाहू गाडीसाठी त्याची निवड समर्थनीय वाटत नाही.

व्यास वाढवण्यालाही जागेची मर्यादा असते. सी-१० च्या मागच्या अ‍ॅक्सलला पाट्यांऐवजी गुंडाळीच्या स्प्रिंगा आणि पुढे चॅसिसच्या मध्यापर्यंत जाणारे दोन लांब आर्म असतात. ते आर्म जिला जोडलेले असतात ती आडवी तुळई शाफ्टच्या वाटेतच येते. गाडी जमिनीलगत आणण्यासाठी स्प्रिंगा आखूड केल्या असतील तर अ‍ॅक्सल चॅसिसच्या तुलनेने वर येतो, आणि ४ इंची नळी खड्ड्यात त्या तुळईला किंवा हौद्याच्या तळाला घासण्याची शक्यता निर्माण होते. लांब हौद्याच्या गाडीत कारखान्यातून साधारणपणे दोन तुकड्यांचा शाफ्ट येत असे, त्यामागे हाच विचार होता: लांबी मध्ये तोडली की प्रत्येक तुकडा आखूड होतो, त्याचा क्रांतिक वेग कितीतरी वर जातो, आणि ३ इंची साधी पोलादी नळी पुरेशी ठरते. दोन तुकडे जोडले जातात तेथे रबरात बसवलेले एक सेंटर बेअरिंग चॅसिसला टांगलेले असते. रबर फाटणे, बेअरिंग झिजणे आणि मधला सांधा वाढणे हे या रचनेचे तोटे आहेत, आणि अनेक हौशी मालक केवळ या तोट्यांमुळे दोन तुकड्यांचा शाफ्ट काढून एकसंध बसवतात. आखूड गाडीत हा बदल योग्यच आहे. लांब गाडीत ३ इंची पोलादी नळीने तो करणे धोक्याचे आहे. तेथे एक तर मोठ्या व्यासाची अ‍ॅल्युमिनिअमची नळी जागा तपासून बसवावी, नाहीतर नवे सेंटर बेअरिंग घालून दोन तुकड्यांचीच रचना ठेवावी, आणि माल वाहणाऱ्या, खड्ड्यांतून जाणाऱ्या गाडीसाठी दुसरा पर्याय अधिक शहाणपणाचा आहे.

कोनांचा प्रश्न याहून नाजूक आहे. युनिव्हर्सल जॉइंट वाकलेल्या अवस्थेत फिरला की त्याची पुढची बाजू एकसारख्या वेगाने फिरत असतानाही मागची बाजू एका फेऱ्यात दोनदा वेग घेते आणि दोनदा मंदावते. सांधा १० अंशांनी वाकला असेल तर हा चढउतार दोन्ही बाजूंना दीड टक्का असतो, ३० अंशांना तो पंधरा टक्क्यांच्या घरात जातो. दीड टक्का ऐकायला थोडा वाटला तरी प्रत्येक सेकंदाला पन्नास फेरे घेणाऱ्या शाफ्टला त्यामुळे सेकंदात शंभर धक्के बसतात, आणि त्या धक्क्यांची तीव्रता कोनाच्या वर्गाने व वेगाच्याही वर्गाने वाढते. शाफ्टचा वेग अ‍ॅक्सलच्या नव्या प्रमाणामुळे पाचव्या हिश्शाने वाढला असेल, तर जुन्या गाडीत कधीही न जाणवलेला कोन नव्या गाडीत आसनापर्यंत थरथर पोचवू शकतो. त्यावरचा उपाय दुसऱ्या सांध्यात आहे: शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत असतील आणि गिअरबॉक्सचा दांडा व डिफरन्शियलचा पिनियन, म्हणजे अ‍ॅक्सलमध्ये ताकद घेणारा छोटा दातेरी दांडा, एकमेकांना समांतर असतील, तर पहिल्या सांध्याने निर्माण केलेला चढउतार दुसरा सांधा पुसून टाकतो. दोन्ही सांध्यांचे कोन सुमारे तीन अंशांच्या आत असावेत आणि त्यांच्यात एका अंशापेक्षा अधिक फरक नसावा असा संकेत आहे. कोन पूर्ण शून्य असणेही हितकारक नाही, कारण तसे झाल्यास बेअरिंगमधले रोलर एकाच जागी दाबले जाऊन क्रॉसवर खोलगट चरे पाडतात; निदान अर्धा अंश हवाच.

इंजिन बसवताना नेमके हेच बिघडते. एलएस इंजिनाचे तेलाचे भांडे पुढच्या सस्पेन्शनच्या तुळईला अडते, म्हणून इंजिनाचा पुढचा भाग उचलला जातो. गिअरबॉक्सची शेपूट खाली जाते, आणि पहिल्या सांध्याचा कोन तेवढाच बदलतो. अशा वेळी योग्य आकाराचे तेलाचे भांडे घेऊन इंजिन त्याच्या मूळ, साधारण तीन ते चार अंशांच्या कलावर ठेवणे हा शाफ्टवर उपचार करण्यापेक्षा चांगला उपाय आहे. कोन फक्त बाजूने पाहून मोजणेही पुरेसे नाही, कारण वरून पाहिले असता गिअरबॉक्सचा दांडा व पिनियन एका रेषेत नसले तर आडवा कोनही सांध्यात भर घालतो. दोन तुकड्यांच्या शाफ्टमध्ये सांधे तीन होतात आणि एका सांध्याला जोडीदार उरत नाही. म्हणून पुढचा छोटा तुकडा गिअरबॉक्सच्या दांड्याशी जवळजवळ सरळ, अर्ध्या ते दीड अंशात, ठेवून मागच्या दोन सांध्यांनी परस्परांचा चढउतार पुसायचा अशी व्यवस्था करतात. उंच केलेल्या चार चाकी ओढीच्या गाड्यांत कोन फारच मोठा होतो. तेथे पुढच्या टोकाला दोन क्रॉस एकत्र बांधलेला दुहेरी सांधा वापरतात, जो आपला चढउतार स्वतःच पुसतो. पण मग पिनियन गिअरबॉक्सला समांतर न ठेवता सरळ शाफ्टच्या दिशेने वळवावा लागतो, आणि हा नियम विसरून केवळ सांधा बदलला तर थरथर वाढते.

ताकदीचा हिशेब आता थोडक्यात पाहता येतो. इंजिनाचा ४५० न्यूटन-मीटरचा पीळ ४एल६०-ई च्या पहिल्या गिअरमध्ये ३.०६ पटीने वाढतो, आणि थांब्यावरून निघताना टॉर्क कन्व्हर्टर त्याची साधारण दुप्पट करू शकतो, म्हणजे शाफ्टपर्यंत सुमारे २,७५० न्यूटन-मीटर पोचण्याची शक्यता कागदावर दिसते. प्रत्यक्षात रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर ९०० किलो भार धरला, तर कोरड्या रस्त्यावर टायर घसरू लागण्यापूर्वी शाफ्टला सोसावा लागणारा स्थिर पीळ ७५० न्यूटन-मीटरच्या आसपासच असतो. हौद्यात माल भरला की पकड वाढते आणि शाफ्टवरचा ताणही वाढतो. घसरणारे चाक अचानक पकड घेते तेव्हाचा धक्का तर याच्या कितीतरी पट असतो. म्हणून स्पायसरच्या १३१० मालिकेचा क्रॉस शांतपणे चालवल्या जाणाऱ्या रिकाम्या गाडीला पुरत असला तरी ओझे ओढणाऱ्या किंवा शर्यतीच्या पट्टीवर जाणाऱ्या गाडीला १३५० मालिकेचा घेणे रास्त आहे, ज्याच्या वाट्यांचा व्यास १.०६२ इंचांऐवजी १.१८८ इंच असतो. तीन इंची नळी स्वतः हा पीळ सहज सोसते, तुटतो तो क्रॉस.

लांबीचे माप गाडी चाकांवर पूर्ण वजनाने उभी असताना, इंधन भरून आणि स्प्रिंगा बसल्यावर घ्यावे लागते, कारण जॅकवर लोंबकळणाऱ्या अ‍ॅक्सलचे अंतर निराळे येते. स्लिप योक गिअरबॉक्समध्ये पूर्ण आत ढकलून मग सुमारे २५ मिलिमीटर बाहेर ओढावा आणि त्या स्थितीत सांध्याच्या मध्यापासून पिनियनवरच्या सांध्याच्या मध्यापर्यंत मोजावे. ही फट ठेवली नाही तर खड्ड्यात अ‍ॅक्सल वर येताच योक गिअरबॉक्सच्या आतल्या भागांवर आदळतो, आणि फार जास्त ठेवली तर खाचांची पकड अपुरी राहून योक डगमगतो. नळी कापून योक पुन्हा जोडल्यानंतर शाफ्ट यंत्रावर फिरवून संतुलित करणे टाळता येत नाही. ३ इंची नळीच्या पृष्ठभागावर ३० ग्रॅमचा असमतोल राहिला, तर मिनिटाला ३,००० फेऱ्यांना तो सुमारे ११ किलो वजनाएवढ्या जोराने शाफ्टला फिरत्या दिशेने ओढत राहतो, आणि ४,५०० फेऱ्यांना हा जोर सव्वादोन पट होतो. पुढच्या सांध्याच्या मागे सहा इंचांच्या आत शाफ्टभोवती एक पोलादी कडे चॅसिसला बसवण्याची अट अमेरिकेत वेगवान गाड्यांच्या शर्यतींत असते, कारण पुढचा सांधा तुटला की सुटलेले टोक खाली पडून रस्त्यात रुतते आणि गाडीची मागची बाजू उचलली जाते. रस्त्यावरच्या गाडीला त्या कड्याची सक्ती नाही, परंतु शाफ्ट बनवण्यासाठी गाडी वर घेतलेलीच असते आणि चार बोल्टांचे हे काम त्याच वेळी उरकता येते.